बगळ्यांचा हंगाम आणि एक रिकामा रकाना

बाबा, बगळे हुकले. एका सामन्यानं हुकले. आता लगेच कपाळाला हात लावू नका, सगळं सविस्तर सांगते. शेवट आधीच सांगून टाकला, म्हणजे तुम्हाला मध्येमध्ये "मग? पुढं काय झालं?" करून मला तोडता येणार नाही.

दर वर्षी हंगाम संपला की तुम्ही दीड पान लिहायचात. वर 'हंगामाचा आढावा', खाली पट्टीनं मारलेल्या दोन रेघा, आणि मग ते तुमचं तिरकं अक्षर. जेवणं झाली की टेबलापाशी उभे राहून वाचून दाखवायचात. समीर तेवढ्यापुरता फोन पालथा ठेवायचा. ईरा निम्मं समजून आणि निम्मं न समजून टाळ्या वाजवायची. मी भांडी आवरता आवरता "बाबा, मुद्द्यावर या" म्हणायची. मग त्या पानांचा फोटो पुण्याला, मैदानावरच्या तुमच्या मित्रांना. त्यांच्यातल्या एकानंही जन्मात बेसबॉल पाहिलेलं नाही. तरी सगळ्यांचे जोडलेले हात यायचे आणि तुम्ही खूश.

यंदा ते दीड पान माझ्या गळ्यात पडलंय. कुणी पाडलं नाही, मीच पाडून घेतलं. तुम्हाला जाऊन अजून तीन महिने व्हायचेत, आणि घरात तुमचं नाव निघालं की तुमचा मुलगा, तुमची नात आणि तुमची सून, तिघंही एकदम हवामानावर बोलायला लागतो. हे काही खरं नाही. म्हणून लिहायला बसले. तुमच्यासारखं जमणार नाही, आणि मला दीड पानात मावणारही नाही. शिवाय मला तुमच्याशी एक भांडण पुरं करायचंय.

बगळे सापडले कसे, आठवतं? आई गेल्यावर तुम्ही इकडे आलात, तो जगाच्या या खालच्या टोकाला, रोटोटुनामधला तुमचा पहिला हिवाळा, तोही जून-जुलैत. सकाळी आम्ही तिघं घराबाहेर, खिडकीबाहेर दहा वाजेपर्यंत धुकं, आणि रस्त्यावर समोरच्यांचं मांजर सोडलं तर चिटपाखरू नाही. पुण्यात तीस वर्षं रविवारी मैदानावर क्लब क्रिकेटचा स्कोअर लिहिणारा माणूस इथं खोली गरम करणाऱ्या हीट पंपासमोर शाल घेऊन बसलेला. क्रिकेट उन्हाळ्यात. रग्बी तुम्ही दहा मिनिटांत निकालात काढलंत, "ही काय भाजी मंडईतली रेटारेटी!" मग समीरच्या जुन्या लॅपटॉपवर तुम्हाला अमेरिकेतल्या कुठल्याशा लहान गावची टीम सापडली. खेळाडू व्यावसायिक, पण लीग खालच्या पायरीवरची, त्यामुळे सामने इंटरनेटवर फुकट. टोप्यांवर बगळा, म्हणून ते बगळे. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपले दुपारचे दोन. "जेवण झालं, वामकुक्षी झाली की सामना सुरू. माझ्या सोयीनं वेळ लावलीय यांनी," असं तुम्ही मला फोन करून सांगितलंत. मी कामावर होते, काउंटरवर रांग होती, आणि तुमचा आवाज इतका आनंदी होता की मी फोन ठेवला नाही.

वह्या तुम्ही पुण्याहूनच आणल्या होत्या. क्रिकेटच्या स्कोअरबुका, तीन! बॅग भरताना मी व्हिडिओ कॉलवर ओरडले होते, "बाबा, तेवढ्या जागेत मेतकूट आलं असतं." त्याच वहीत तुम्ही बेसबॉल बसवलंत. षटकांच्या चौकटीत डाव बसवले, झेलाला 'झे', काही घडलं नाही तर टिंब. आणि खाली छापील रकाना होता, 'अवांतर'.

त्या रकान्यानंच सगळा घोटाळा केला. बेसबॉलच्या फलकावर शेवटी तीन आकडे असतात, धावा, हिट आणि E. आता E म्हणजे एक्स्ट्रा, एक्स्ट्रा म्हणजे अवांतर, हे तुम्ही कुणालाही न विचारता ठरवून टाकलंत. महिनाभर तो आकडा अवांतरच्या रकान्यात लिहीत होतात आणि वर जेवताना आम्हाला सुनावत होतात, "काय शिस्त आहे बघा बोलिंगला! अख्ख्या सामन्यात अवांतर फक्त एक." मग एके दिवशी ईरानं वहीत डोकावून सांगितलं, "आजोबा, दॅट्स एरर्स. लाइक, मिस्टेक्स." तुमचा चेहरा मला अजून दिसतो. "चुका? फलकावर? अख्ख्या गावासमोर?"

त्या संध्याकाळी तुम्ही खोडरबर घेऊन बसलात आणि महिनाभराचे आकडे एकेक करून खोडलेत. दोन ठिकाणी कागद फाटला. तेव्हापासून तो रकाना रिकामा, आणि तेव्हापासून आपलं भांडण सुरू.

"अगं मीनल," तुम्ही म्हणायचात, "मैदानावर झेल सुटला तर स्कोअरर काय लिहितो? टिंब. नुसतं टिंब. ज्याच्या हातून सुटला त्याला ठाऊक असतं, झोप त्याची उडते. वहीनं कशाला चुगली करायची?"

आणि मी पडले फार्मसिस्ट. आमच्याकडे चुकांची वही असते. मी तुम्हाला सांगितलं होतं, एकदा एका आजींच्या डब्यात मी रक्तदाबाच्या गोळ्या दुप्पट ताकदीच्या भरल्या होत्या. त्या दारातून बाहेर पडायच्या आत लक्षात आलं. त्याच दिवशी वहीत लिहिलं, स्वतःचं नाव घालून. कुणी ओरडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या दोन गोळ्यांची खोकी वेगवेगळ्या फळ्यांवर गेली. "यासाठी लिहायचं असतं बाबा. चूक ती चूक. लिहिली की पुढं जाता येतं." तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तुमचा देशच थंड आहे. तुम्हाला जमतं."

मग मी तुम्हाला हरवायला नियम शोधून काढले. मूर्खपणा माझाच. त्यात लिहिलं होतं, साधारण खेळाडूनं साधारण प्रयत्न करून जो बॉल अडवला असता, तो सुटला तरच चूक धरायची. बॉल डोळ्यांसमोरच्या उन्हात हरवला तर चूक नाही. हे मी मोठ्यानं वाचलं आणि तुम्हाला घबाडच मिळालं. त्या दिवसापासून जो जो बॉल सुटला तो तो उन्हात गेला. खेळाडूच्या नावापुढे बारीक 'ऊ'. एकदा तर सामना रात्रीचा, मैदानावर मोठमोठे दिवे लागलेले, आणि तुम्ही शांतपणे 'ऊ' लिहिताय. "बाबा, तिथं रात्र आहे!" मी किंचाळले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "दिव्यांचं ऊन असतं."



बरं, आता हंगाम. सुरुवात तुम्ही पाहिलीत, तरी आढाव्यात यायला हवी. एप्रिलमध्ये बगळे ओळीनं हरले. तुम्ही रोज दुपारी लॅपटॉप बंद करताना म्हणायचात, "उद्यापासून पाहणार नाही," आणि उद्या दोनला पाच मिनिटं कमी असताना चष्मा पुसत बसलेले असायचात. काका मात्र पहिल्यापासून छान टाकत होते. तुमचे लाडके काका, हे नावही तुमचंच, चाळिशीला टेकलेले, दाढी पिकलेली, डावखुरे, आयुष्यभर अशाच लहान गावांत बॉल टाकत आलेले. त्यांनी हा शेवटचा हंगाम असं जाहीर केलं, तेव्हा तुम्ही दोन दिवस वहीत त्यांचे बळी मोजत बसलात. "हा माणूस जोरात टाकत नाही गं, विचार करून टाकतो," असं तुम्ही फोनवर पुण्याच्या मित्रांनाही समजावत होतात. त्या बिचाऱ्यांनी "वा, वा" केलं.

आणि पिंट्या. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा, कुरळ्या केसांचा, सारखा च्युइंगम चघळणारा. खरं नाव काहीतरी लांबलचक, तुम्ही पहिल्याच दिवशी पिंट्या करून टाकलंत. "पोरगं चांगलं आहे, घाई फार करतं." मे महिन्यात त्याची बॅट चालायला लागली, जूनमध्ये बगळे वर सरकले, आणि ईराच्या जुलैच्या सुट्ट्या लागल्या तेव्हा तुम्ही दोघं प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीच्या, गप्पा मारत होतात. ती इंग्लिशमध्ये, तुम्ही मराठीत. एकमेकांचं एक अक्षर न चुकता कळायचं.

तो गुरुवार. मला सुट्टी होती. शेवटचा डाव, बगळे एका धावेनं पुढे, समोरच्यांचे दोन बाद, दोन धावपटू बेसवर उभे. साधा घरंगळत आलेला बॉल, थेट पिंट्याकडे. आणि तो त्याच्या दोन पायांमधून मागे गेला. दोन धावा, सामना खलास. ईरानं उशीत तोंड खुपसलं. मी तुमच्या खुर्चीमागे उभी होते. तुमच्या हातात पेन्सिल. मी म्हणाले, "लिहा आता. इथं तरी लिहा."

तुम्ही 'ऊ' लिहिलंत.

मला एवढा राग का आला, मला खरंच माहीत नाही. आठवडा वाईट गेला होता, दोन माणसं कामावर नव्हती, काहीतरी असेल. मी म्हणाले, "चुका न लिहिणारी वही ही वहीच नव्हे बाबा. हे नुसते लाड आहेत. अशानं पोरगं शिकणार कसं?" तुम्ही वही मिटलीत, पेन्सिल तिच्यात घातलीत आणि उठून चहा केलात. मलाही केलात. आलं न घालता. तुम्ही रागावलात की चहात आलं नसतं, हे या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी तो प्यायले आणि माफी मागायची राहिली.

पुढच्या मंगळवारी सकाळी तुम्ही म्हणालात, "जरा जळजळतंय गं."

आदल्या दिवशी मी मिसळ केली होती आणि तुम्ही कट दोनदा घेतला होतात. मी डबा भरत होते, गाडीची काच गोठलेली, समीर तिच्यावर पाणी ओतायला गेलेला, ईरा टेबलाशी टोस्ट खात होती. मी कपाटातून अँटासिडची बाटली काढून तुमच्यापुढे ठेवली. "ओरपताना सांगत होते ना? घ्या आता दोन चमचे." तुम्ही हसलात. मी गेले.

बाबा, काउंटरवर कुणीही अनोळखी माणूस येऊन छातीत जळजळतंय म्हणाला, तर मी त्याला विचारते. नेमकं कुठं? हाताकडे, जबड्याकडे जातंय का? चालताना वाढतं का? घाम येतो का? मला झोपेतून उठवलं तरी विचारीन. तुम्हाला यातलं एकही विचारलं नाही. तुम्ही काउंटरच्या पलीकडे नव्हतात, माझ्या स्वयंपाकघरात होतात, माझ्याच हातची मिसळ खाऊन. एवढंच कारण. दुसरं काही कारण मला अजून सापडलेलं नाही.

दुपारी पाऊस होता. समीर वरच्या खोलीत काम करत होता. चौथ्या डावात तुम्ही टिंब दिलंत, पेन्सिल वहीत आडवी ठेवलीत आणि ईराला म्हणालात, "बाबाला हाक मार." त्यानंतर हॉस्पिटलचे दोन दिवस. तिथं दुसऱ्या दिवशी तुम्ही डोळे उघडून मला एकच गोष्ट विचारलीत, "बगळ्यांचं काय झालं?" मी म्हणाले, "जिंकले." मी पाहिलंच नव्हतं. नंतर कळलं, हरले होते. बाटलीबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. तेही राहिलं.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी आणलं असतं तर कदाचित उपयोग झाला असता, कदाचित नसता झाला, सांगता येत नाही. समीर म्हणतो, स्वतःला छळू नकोस. मराठी मंडळातल्या बायका डबे घेऊन आल्या आणि एकजण म्हणाली, "भाग्यवान हो, लोळत पडले नाहीत." मी तिचं फक्त पातेलं घासून परत दिलं.

कामावर मात्र माझा पार पोलीस इन्स्पेक्टर झाला. कुणीही काहीही मागो, मी त्याला छातीबद्दल विचारायची. एक दांडगा माणूस भर थंडीत जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून घशाच्या गोळ्या घ्यायला आला. माझे सगळे प्रश्न संपेपर्यंत बिचारा उभा राहिला आणि म्हणाला, "स्वीट ॲज. आय ओन्ली केम फॉर माय थ्रोट, बट आय फील हेप्स सेफर नाऊ." घशासाठी आलेल्याला आता भलतंच सुरक्षित वाटत होतं! तुम्ही गेल्यापासून मी हसले ते तेव्हा पहिल्यांदा. मग मागच्या खोलीत जाऊन रडले आणि परत येऊन पुढचं प्रिस्क्रिप्शन घेतलं.

वही महिनाभर खिडकीत तशीच होती. पेन्सिलीमुळे फुगलेली. कुणी हात लावेना. मग ऑगस्टमधल्या एका रविवारी मी कपडे घड्या करत होते आणि बाहेरच्या खोलीतून बेसबॉलची ती कॉमेंट्री ऐकू आली. ईरानं तुमचा लॅपटॉप उघडला होता. झालेले सामने पुन्हा बघता येतात म्हणे. तिनं तोच मंगळवारचा सामना काढला, चौथा डाव गाठला, आणि तुमचं शेवटचं टिंब जिथं होतं त्याच्यापुढे लिहायला लागली. बाबा, या पोरीला मराठी लिहिता येत नाही. शनिवारच्या मराठी वर्गात मी दोन वर्षं डोकेफोड केली, ती 'अ'च्या पुढं गेली नाही. पण 'झे' तिला येतो. 'ऊ' येतो. तुमच्या वहीतून उचललेत. मी कपडे तसेच टाकून तिच्याशेजारी बसले.

असा आम्ही तुमचा हंगाम पुरा केला. रविवारी मागचे दोन-तीन सामने, मधल्या वारी जमेल तसं. पिंट्याला त्या गुरुवारनंतर आठवडाभर बाकावर बसवलं होतं. परत आला तेव्हा पहिलाच बॉल त्याच्याकडे गेला. त्यानं तो अडवला, पण फेकायला इतका वेळ लावला की धावपटू आरामात पोचला. तेव्हा काका बॉल टाकायचं सोडून त्याच्याजवळ चालत गेले आणि काहीतरी बोलले. काय ते ऐकू आलं नाही. पिंट्या हसला. सप्टेंबरात बगळे असे काही खेळले, बाबा, की तुम्हाला शाल पांघरून बसवलंच नसतं. इथं दारातल्या कोवायच्या झाडाला पिवळी फुलं लटकली आणि तिकडे बगळे रोज जिंकतायत.

शेवटच्या दिवशी हिशेब सरळ होता. बगळ्यांनी जिंकायचं आणि वरच्या टीमनं हरायचं. तिकडे रविवार दुपार, लख्ख ऊन. इकडे सोमवार सकाळ, धुकं, ईराला पुन्हा सुट्टी. मी रजा टाकली. समीरनं मीटिंग आहे म्हणून सांगितलं आणि दहा मिनिटांनी कॉफी घेऊन सोफ्यावर येऊन बसला. काका टाकत होते.

मध्येच त्या कॉमेंट्रीवाल्यांनी जुलैचा तो गुरुवार काढला. तो बॉल पिंट्याच्या पायांमधून जाताना पुन्हा दाखवला, सावकाश, दोनदा. म्हणाले, प्लेऑफ हुकलं तर याच एका चुकीमुळे हुकेल. मी म्हणाले, "अरे, एप्रिलमध्ये ओळीनं हरलात ते कुणामुळे?" अगदी तुमच्यासारखी. समीर माझ्याकडे बघतच राहिला. ईरानं मात्र लिहायचं थांबवलं होतं. पेन्सिल खाली ठेवली होती तिनं.

"आई, कॅन आय टेल यू समथिंग? यू'ल बी मॅड."

मग तिनं सांगितलं. जुलैच्या सुट्टीत तुम्ही दोघं रोज डेअरीपर्यंत चालत जायचात, कोपऱ्यावरच्या त्या दुकानातून तिला आइसब्लॉकची कांडी घ्यायला. शेवटच्या आठवड्यात पार्कच्या आधीच्या बुटक्या भिंतीवर तुम्ही तीनदा बसलात. छातीवर हात ठेवून. "ही सेड, आईला सांगू नको. ही सेड यू'ल ओपन द होल फार्मसी ॲट होम. सो आय प्रॉमिस्ड." तिचा आवाज अगदी सरळ होता, पाठ केल्यासारखा. "सो इट्स माय ई, राइट? तूच म्हणतेस. चूक ती चूक."

ते शेवटचं तिनं मराठीत म्हटलं. माझ्याच सुरात.

बाबा, मी तुमच्यावर रागावलेय. आधी हे सांगते. दहा वर्षांच्या पोरीला असलं गुपित सांभाळायला देतात? लपवायचंच होतं तर एकट्यानं लपवायचंत. अडीच महिने ती हे पोटात घेऊन शाळेत गेली, जेवली, तुमच्या वहीत टिंबं भरत बसली. आणि तोंडावर भांडायला तुम्ही नाही, याचा तर मला त्याहून जास्त राग आलाय.

पण त्या क्षणी राग नंतर आला. आधी तोंडातून जे निघालं ते तुमचं होतं. तिला जवळ ओढलं आणि म्हणाले, "नाही गं बाळा. तो बॉल उन्हात होता."

ती नाक पुसत म्हणाली, "इट वॉज रेनिंग, आई."

"दिव्यांचं ऊन असतं."

ती हसली आणि मग खूप रडली, आम्ही तिघंही रडलो, एकमेकांच्या अंगावर पडून, आणि पडद्यावर कुणीतरी काहीतरी मारलं ते कुणीच लिहिलं नाही. जरा शांत झाल्यावर मी तिला तो नियम नीट सांगितला. साधारण प्रयत्न म्हणजे काय ते. दहा वर्षांच्या मुलीच्या हातात बसेल असा तो बॉल नव्हताच. आजोबांनी तो तिच्याकडे टाकायलाच नको होता. तिनं सगळं ऐकून घेतलं, विचार केला, आणि विचारलं, "अँड युअर्स? द मेडिसिन?" ती होती ना त्या सकाळी टेबलाशी. टोस्ट खात.

समीर म्हणाला, "ईरा, बस." मी म्हणाले, "नाही, विचारू दे."

काय सांगणार होते तिला? अडीच महिने मी तुमच्या मागे लागले होते, बाबा. फोटोसमोर उभी राहून, गाडीत, आंघोळीत. एकदा म्हणा, ऊन होतं म्हणा. चूक ती चूक म्हणणारी मी, आणि स्वतःची लिहायची वेळ आली तर वहीकडे बघवत नव्हतं. पण मी साधारण नव्हते ना. माझं रोजचं कामच तो बॉल झेलायचं. दुसऱ्या कुणालाही मी तो सोडला नसता.

मी वही घेतली. त्या मंगळवारचं पान काढलं. खाली तुमचा तो रकाना. पेन्सिल ईराची, टोक मोडत आलेलं. रकान्यात मी '१' लिहिला आणि पुढे 'मी'. पिंट्याच्या गुरुवारला हात लावला नाही. तिथं तुम्ही लिहिलंय ते लिहिलंय.

तुम्ही असतात तर माझा हात धरला असतात, मला माहीत आहे. पण लिहून झालं आणि छप्पर काही कोसळलं नाही. समीरनं माझ्या पाठीवर हात ठेवला. हीट पंप चालू होता. अडीच महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागल्यासारखं वाटलं. माझं म्हणणं तेच आहे बाबा, लिहावं. पण पोरांचं लिहू नये, हे तुमचं मला पटलंय.

तेवढ्यात ईरा ओरडली. शेवटचा डाव, दोन बाद, बगळे एका धावेनं पुढे. काकांनी टाकला, फलंदाजानं मारला, आणि बॉल घरंगळत निघाला तो थेट पिंट्याकडे. पिंट्या खाली वाकला, हातमोजा मातीला टेकवला, उचलला, फेकला. बाद. काकांनी टोपी काढली आणि मैदानाच्या मधोमध तशीच हातात धरून उभे राहिले. पिंट्या पळत जाऊन त्यांच्या गळ्यात पडला. पाच मिनिटांनी बातमी आली, वरची टीमही जिंकली. प्लेऑफ नाही. पण आम्ही सोफ्यावर उभे राहून टाळ्या वाजवत होतो, आणि समोरच्यांचं मांजर खिडकीतून आमच्याकडे बघत होतं.

तर असा हंगाम, बाबा. पुढच्या वर्षी काका नाहीत. पिंट्या आहे. समीर म्हणतो, एप्रिलपासून मंगळवारी तो घरी बसून पाहील. वहीची पानं पुरतील. शनिवारपासून ईराचं सॉफ्टबॉल सुरू होतंय आणि तिनं शॉर्टस्टॉपच मागून घेतलंय. कोचनं विचारलं, कुणा पालकाला स्कोअर लिहिता येतो का. माझा हात वर गेला. तुमची तिसरी वही अजून कोरी आहे, तीच नेणार. कोचनं दिलेला फॉर्म कशाला हवा?

आज हा आढावा लिहायला बसले तेव्हा एक तपासायचं होतं म्हणून वही उघडली. मंगळवारचं पान. रकान्यात माझा '१', पुढे 'मी'. आणि त्याच्याही पुढे, दोन-तीनदा लिहून-खोडून विरलेल्या कागदावर, मोडक्या टोकाच्या पेन्सिलीनं लिहिलेला एक वाकडा 'ऊ'. शेपूट जरा जास्तच लांब गेलंय. कधी लिहिला, मला दिसलंच नाही.

खोडरबर शेजारीच होतं. मी खोडलं नाही.